कल्चरच्या बाटलीआधीची पहिली सुई: डॉक्टर सहकाऱ्यांना खुले पत्र

राज्यातील फॅमिली डॉक्टर, फिजिशियन, हृदयरोगतज्ज्ञ आणि हृदयशल्यचिकित्सक सहकाऱ्यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सूक्ष्मजीवशास्त्राची डॉक्टर आहे. रुग्णांची आणि माझी गाठ सहसा पडत नाही. कल्चरसाठी, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखण्यासाठी, त्यांच्या रक्ताच्या बाटल्या आमच्या खिडकीवर येतात, मशीनमध्ये बसतात आणि पाच दिवसांनी बहुतेक वेळा ‘नो ग्रोथ’ असा रिपोर्ट होऊन वॉर्डात परततात. हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग झाल्याची, म्हणजे एंडोकार्डायटिसची, शंका असलेल्या रुग्णाच्या अशा रिपोर्टवर सही करताना माझा हात गेली काही वर्षे अडखळतो आहे. त्याचे कारण आपल्यासमोर उघडपणे मांडावे, म्हणून हे पत्र.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी एक कॉलेजवयीन मुलगा आमच्या खिडकीशी येऊन उभा राहिला. त्याची आई वरच्या मजल्यावर दाखल होती. चाळिशी ओलांडलेली बाई, लहानपणी संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप खराब झालेली, आणि आता टू-डी इकोत त्याच झडपेवर व्हेजिटेशन, म्हणजे वाढलेली गाठ, दिसलेले. कल्चरच्या तिन्ही बाटल्यांत काहीच आले नव्हते, आणि ‘काहीच नाही तर आईला ताप कसला येतोय’ एवढाच त्याचा प्रश्न होता. त्याच्या हातात कॅरीबॅग होती. मी ती मागून घेतली आणि आतल्या चिठ्ठ्या काउंटरवर तारखेप्रमाणे मांडल्या. पहिल्या चिठ्ठीवर तापाची गोळी आणि पाच दिवसांचे सेफिक्झिम होते, दुसरीवर अ‍ॅझिथ्रोमायसिन. तिसऱ्या चिठ्ठीला विडालचा, म्हणजे टायफॉईडच्या रक्ततपासणीचा, कागद टाचलेला होता, आणि त्याच्या आधारावर सकाळ-संध्याकाळ सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची इंजेक्शने झाली होती. मग दहा दिवस बरे वाटले. पुन्हा ताप, पुन्हा नवा दवाखाना, लेव्होफ्लॉक्सासिन. शेवटी कोणीतरी छातीला स्टेथोस्कोप नीट लावला, मर्मर, म्हणजे बिघडलेल्या झडपेचा आवाज, ऐकली आणि इकोला पाठवले. ताप येऊ लागल्यापासूनचे एकूण ४१ दिवस त्या काउंटरवर पसरले होते. रक्ताचे पहिले कल्चर ३९ व्या दिवशी घेतलेले होते, तेही सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची नवी खेप चालू असताना.

त्यातली एकही चिठ्ठी वेडगळ नव्हती, हे मला आवर्जून सांगायचे आहे. ओपीडीत साठ माणसे बसलेली असताना तापाच्या प्रत्येक रुग्णाचे कल्चर पाठवणे कोणालाच जमणार नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. पण ही बाई साधी तापाची रुग्ण नव्हती. तिची झडप खराब होती, आणि विचारले असते तर तिने पहिल्याच दिवशी ते सांगितले असते.

या आजाराची जात अशी की, त्याचे निदान आपण स्वतःच्या हाताने पुसून टाकू शकतो. झडपेवरचे व्हेजिटेशन म्हणजे फायब्रिन आणि प्लेटलेट यांच्या जाळ्यात दडलेली जंतूंची वसाहत. तिच्या आतल्या थरांत पांढऱ्या पेशी पोहोचत नाहीत, तिथले जंतू मंदगतीने वाढतात आणि पृष्ठभागावरून थोडे थोडे जंतू रक्तात सतत सुटत राहतात. गोळ्यांचा एक कोर्स रक्तात सुटलेले आणि वरच्या थरातले जंतू मारतो. ताप उतरतो, भूक लागते, रुग्ण कामावर जातो. आतली वसाहत मात्र तशीच राहते आणि औषध संपल्यावर पुन्हा डोके वर काढते. पण मधल्या काळात घेतलेल्या रक्तात वाढण्याइतके जंतूच नसतात. आधी अँटिबायोटिक दिल्याने रक्तातून जंतू सापडण्याचे प्रमाण ३५ ते ४० टक्क्यांनी घटते, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्यातही व्हिरिडान्स गटातले स्ट्रेप्टोकोकाय, म्हणजे संधिवाताने बिघडलेल्या झडपांवर बसणारे नेहमीचे जंतू, सगळ्यांत आधी दिसेनासे होतात, कारण ते साध्या औषधालाही चटकन दबतात. पाश्चात्त्य देशांतल्या नोंदींत साधारणपणे दहा रुग्णांपैकी एकादोघांचे कल्चर निगेटिव्ह येते; भारतातल्या मोठ्या रुग्णालयांनी प्रसिद्ध केलेल्या नोंदींत हे प्रमाण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत जाते. आपले जंतू काही वेगळ्या मुलखातून आलेले नाहीत. हा फरक मुख्यतः कॅरीबॅगेतल्या चिठ्ठ्यांचा आहे.

कॅनेडियन डॉक्टर विल्यम ऑस्लर यांनी १८८५ साली लंडनमध्ये या आजारावर व्याख्याने दिली, तेव्हा निदान झाले तरी वैद्याच्या हाती काही नव्हते; पेनिसिलीन येईपर्यंत हा आजार जवळजवळ नेहमीच जीव घेत असे. आज औषध हाती आहे, आणि ते आपण निदानाच्या आधीच देऊन मोकळे होतो.

म्हणून माझी पहिली विनंती फॅमिली डॉक्टरांना आहे, आणि ती फार मोठी नाही. ज्याच्या छातीवर टाक्यांची खूण आहे, ज्याला कृत्रिम झडप किंवा पेसमेकर बसवलेला आहे, ज्याला लहानपणी संधिवाताचा ताप आला होता किंवा जन्मतः हृदयात छिद्र आहे, ज्याला पूर्वी एकदा हाच आजार होऊन गेला आहे, ज्याचे डायलिसिस चालू आहे, अशा माणसाला सबळ कारणाशिवाय ताप आला, तर अँटिबायोटिकची पहिली गोळी किंवा पहिली सुई देण्याआधी रक्ताचे कल्चर घ्यावे किंवा जिथे घेतले जाईल तिथे त्याला पाठवावे. ‘टायफॉईड असेल’ हा विचार आला तरी हरकत नाही. टायफॉईडचे खरे उत्तरही त्याच बाटलीत मिळते. एकट्या विडालच्या कागदावर ते मिळत नाही, हे आपल्याला ठाऊक असूनही तो कागद अजून आपल्याकडून इंजेक्शने लिहवून घेतो.

रुग्ण किती आजारी आहे यावर पुढची घाई ठरवावी. रक्तदाब घसरलेला, श्वास लागलेला, थंडी वाजून थरथरणारा रुग्ण समोर असेल, तर तासाभरात तीन कल्चर घेऊन लगेच औषध सुरू करावे. कल्चरच्या नावाखाली अशा रुग्णाचे औषध लांबवणे हा वेगळा अपराध होईल. पण जो तीन आठवडे बारीक तापाने कुरकुरतो आहे, चालत ओपीडीत आला आहे, ज्याचे वजन उतरले आहे आणि बाकी सारे स्थिर आहे, त्याचे अँटिबायोटिक दोन-तीन दिवस थांबवून कल्चर पुन्हा घेण्याने बहुधा काही बिघडत नाही. औषध दोन-तीन दिवसच झाले असेल, तर ते थांबवल्यावर काही दिवसांत जंतू पुन्हा वाढू लागतात. दीर्घ कोर्स झाला असेल तर बाटली आठवडेच्या आठवडे कोरी राहू शकते. हा निर्णय रुग्णाला नजरेखाली ठेवून घ्यायचा असतो, एवढे मी सांगायला नको.

आता रक्त घेण्याच्या रीतीबद्दल. हा भाग कंटाळवाणा आहे, पण माझ्या मते अर्धे निदान इथेच हरवते. आमच्याकडे येणाऱ्या बाटल्यांपैकी कितीतरी बाटल्यांत तीन-चार मिलीलिटर रक्त असते, सलाईनच्या कॅन्युलातून ओढलेले आणि एकाच टोचणीतून तीन बाटल्यांत वाटलेले. प्रौढ रुग्णाच्या प्रत्येक बाटलीत आठ ते दहा मिलीलिटर रक्त लागते, कारण या आजारात एका मिलीलिटरमागे अवघे काही जंतू असतात आणि चमचाभर रक्तात ते सापडतील याचा भरवसा नसतो. तीन वेगवेगळ्या टोचण्या, शक्यतो अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराने, आणि दरवेळी ऑक्सिजनवाली आणि बिनऑक्सिजनची अशा दोन बाटल्या, म्हणजे एकूण साठेक मिलीलिटर रक्त झाले. हे ऐकून नातेवाईक दचकतात आणि कधी कधी रेसिडेंटही. त्यांना सांगावे की रक्तदान करणारा माणूस एका बैठकीत ३५० मिलीलिटर देऊन चहा-बिस्किट खाऊन घरी जातो. ताप चढण्याची वाट पाहण्याचे कारण नाही, कारण झडपेवरून जंतू चोवीस तास सुटत असतात. तिन्ही टोचण्यांत एकच जंतू आला, तर तो त्वचेवरून मिसळलेला नाही हे आम्ही छातीठोकपणे सांगू शकतो. एकाच बाटलीत आला तर आम्ही आणि तुम्ही दोघेही अंदाज बांधत बसतो.

त्वचा क्लोरहेक्सिडिन आणि स्पिरिटने पुसून वाळू द्यावी. ओल्या त्वचेत सुई घातली तर पुसण्याचा उपयोग नाही. बाटलीच्या रबरी बुचावरही स्पिरिटचा बोळा फिरवावा. आणि भरलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवू नये! तालुक्याच्या ठिकाणाहून येणाऱ्या बाटल्या थंडगार हाताला लागतात, तेव्हा कोणीतरी काळजीपोटी रात्रभर फ्रिजमध्ये जपून ठेवल्या होत्या हे कळते. रक्तगटाच्या नमुन्याची शिस्त कल्चरला चालत नाही. ती बाटली खोलीच्या तापमानाला ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेकडे निघावी.

बाटलीसोबत फॉर्म येतो. त्यावर बहुतेक वेळा ‘ताप. ब्लड कल्चर.’ एवढेच लिहिलेले असते. यात चूक तुमची जितकी, तितकीच आमची, आणि माझी स्वतःची एक जास्तच. पुष्कळ वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याच्या बाटल्या माझ्याकडे आल्या होत्या. फॉर्मवर तेच नेहमीचे शब्द होते. पाच दिवस झाले, मशीनने काही दाखवले नाही, मी सही केली आणि बाटल्या ऑटोक्लेव्हच्या वाफेत नष्ट व्हायला गेल्या. चार महिन्यांनी तोच माणूस अ‍ॅऑर्टिक झडप फाटून परत आला. मधल्या काळात बारीक ताप, उतरलेले वजन आणि वाढलेला ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) एवढ्यावर कुठेतरी त्याला एकेटी, म्हणजे क्षयाचे औषध, सुरू झाले होते, आणि त्याला त्या औषधाने बरे वाटलेही होते. म्हणून सगळ्यांची खात्री पटली की क्षयच होता. या वेळी वॉर्डातल्या मावशींनी त्याच्या बायकोला सहज विचारले की घरी गुरे आहेत का. ती म्हणाली, दोन गाई लागोपाठ गाभडल्या, जार अडकला तो यांनीच हाताने काढला. त्या एका वाक्यावरून आम्ही ब्रुसेलाची, म्हणजे जनावरांकडून माणसाला लागणाऱ्या एका जंतूची, तपासणी केली आणि ती ठसठशीत पॉझिटिव्ह आली.

क्षयाच्या औषधाने बरे का वाटले, याचे उत्तर औषधांच्या यादीतच होते. रिफाम्पिसिन ब्रुसेलाला दाबते, स्टॅफिलोकोकसला दाबते, आणखीही काही जंतूंना दाबते. लक्षणे दबली म्हणून आजार सापडला असे होत नाही. आपल्या राज्यात ‘एकेटीला रिस्पॉन्स’ हा पुरावा म्हणून मांडला जातो, तेव्हा झडप खराब असलेल्या रुग्णाच्या बाबतीत तरी त्या शब्दांपाशी एकदा थांबावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

फॉर्मवर ‘गुरे आहेत, गाय गाभडली’ असे चार शब्द असते, तर मी त्या बाटल्या पाचव्या दिवशी टाकल्या नसत्या. अँटिबायोटिक झालेल्या रुग्णाच्या रक्तात ब्रुसेला रेंगाळत वाढतो आणि त्याला जास्त दिवस द्यावे लागतात. शिवाय या जंतूची प्लेट उघड्या टेबलावर हाताळली तर तो तंत्रज्ञालाच लागतो, त्यामुळे आमच्या माणसांच्या सुरक्षिततेसाठीही आम्हाला आधी कळणे गरजेचे असते. जंतूचे नाव ओळखणारी मशीन कधी कधी ब्रुसेलाला दुसऱ्याच एखाद्या निरुपद्रवी जंतूचे नाव देते आणि तो रिपोर्ट ‘भेसळ’ म्हणून बाजूला पडतो, हेही सांगून ठेवते. माझ्या बाजूची चूक अशी की फॉर्म कोरा दिसला तेव्हा मी फोन उचलला नाही. आता उचलते.

ब्रिटिश लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांना हा जंतू १८८७ साली माल्टात सैनिकांच्या प्लीहेत सापडला, आणि तो शेळीच्या दुधातून येतो हे माल्टाचेच डॉक्टर झॅमिट यांनी १९०५ साली दाखवून दिले. आपल्याकडे निरसे दूध पिण्याची आवड जुनी आहे. कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीची धार ग्लासात घेऊन तिथेच पिणारी माणसे आजही दिसतात. माझे त्या कट्ट्याशी वैर नाही. पण झडपेचा रुग्ण समोर असताना ‘दूध तापवून पिता का’, ‘घरी गाभडणारी जनावरे आहेत का’, ‘मटणाच्या धंद्यात आहात का’, ‘जनावरांच्या दवाखान्यात काम करता का’ हे प्रश्न विचारायला दोन मिनिटे लागतात. केंद्राच्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात २०१९ पासून चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना ब्रुसेलाची लस दिली जाते, म्हणजे पशुसंवर्धनवाल्यांना हा शत्रू पुरता माहीत आहे. अनोळखी आहे तो आपल्याच केसपेपरला.

ब्रुसेला बाटलीत किमान वाढतो तरी. कॉक्सिएला बर्नेटी आणि बार्टोनेला हे दोन जंतू आमच्या बाटलीत वाढतच नाहीत, असे धरून चालावे. कॉक्सिएलाचा ताप १९३७ साली ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या कत्तलखान्यातल्या कामगारांवरून डेरिक यांनी वर्णिला, आणि कारण कळेना म्हणून त्याला ‘क्वेरी’तले, म्हणजे ‘शंके’तले, ‘क्यू’ हे अक्षर दिले. अक्षर तसेच राहून गेले. भारतातल्या गुरांत आणि शेळ्या-मेंढ्यांत त्याच्या प्रतिपिंडांच्या नोंदी आहेत. या जंतूचा एंडोकार्डायटिस फार चोरटा असतो: ताप बारीक किंवा नसतोच, व्हेजिटेशन इतके लहान आणि गुळगुळीत असते की इको करणाऱ्याला दिसत नाही, आणि रुग्ण ‘झडप आपोआप बिघडत चालली’ या समजुतीवर वर्ष-दोन वर्षे काढतो. इथे रक्ताची प्रतिपिंड तपासणी हेच निदान ठरते. २०२३ मध्ये सुधारलेल्या ड्यूक निकषांत, म्हणजे एंडोकार्डायटिसच्या निदानाच्या ठरलेल्या कसोट्यांत, कॉक्सिएलाविरुद्धचे फेज-एकचे आयजीजी प्रतिपिंड १:८०० च्या वर असणे हा स्वतंत्र प्रमुख निकष आहे. बार्टोनेलालाही आता १:८०० किंवा त्याहून अधिक टायटरवर (प्रतिपिंडांच्या पातळीवर) तोच मान मिळाला आहे. म्हणजे कल्चर कोरे असतानाही कायदेशीर, निकषात बसणारे निदान करता येते. पूर्वी ते आपल्या मनात असायचे, कागदावर नसायचे.

बार्टोनेलाबद्दल एक धोक्याची सूचना फिजिशियन आणि मूत्रपिंडतज्ज्ञ मित्रांसाठी. हा जंतू झडपेवर बसला की मूत्रपिंडाला सूज येते, लघवीत रक्त दिसते, आणि रक्तातली एएनसीए ही स्वयंप्रतिकार विकारांची तपासणीही पॉझिटिव्ह येऊ शकते. मग रुग्णाला व्हॅस्क्युलायटिस, म्हणजे रक्तवाहिन्यांची स्वयंप्रतिकारी सूज, ठरवून स्टेरॉइड आणि सायक्लोफॉस्फमाइड सुरू होण्याचा मार्ग मोकळा होतो, आणि जंतुसंसर्ग असलेल्या माणसाची प्रतिकारशक्तीच आपण काढून घेतो. ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर या संधिवाताच्या रक्ततपासणीचेही तसेच. तो या आजारात पॉझिटिव्ह येतो, म्हणून कित्येकांचा ताप सांधेदुखीच्या खात्यात जमा होतो. अशा कोणत्याही रुग्णाला प्रतिकारशक्ती दाबणारे औषध देण्याआधी एकदा छाती ऐकावी, नखांखाली रेघा दिसतात का ते उजेडात पाहावे आणि इको करावा. छातीवरून केलेल्या इकोत काही दिसले नाही पण शंका कायम असेल, तर अन्ननलिकेतून इको करावा, आणि तोही निगेटिव्ह आला तर पाच-सात दिवसांनी पुन्हा.

उलट बाजूही आहे. प्रत्येक व्हेजिटेशन जंतूंचेच नसते. ल्यूपस या स्वयंप्रतिकार विकारातल्या गाठी लिबमन आणि सॅक्स यांनी १९२४ साली दाखवल्या. अँटिफॉस्फोलिपिड या रक्ताच्या गुठळ्या करणाऱ्या विकारात आणि पोटात लपलेल्या कॅन्सरमध्येही झडपेवर निर्जंतुक गाठी धरतात. तरुण बाई, वारंवार गर्भपात, कल्चर कोरे आणि ताप नाही, असे चित्र असेल तर चौथे अँटिबायोटिक जोडण्याऐवजी तिकडे पाहावे.

उपचाराविषयी बोलताना मी माझ्या कुंपणाबाहेर पाय टाकते आहे, पण एक गोष्ट मला खिडकीतूनही दिसते. नाव न कळलेल्या जंतूवर उपचार करताना आपण औषधे वाढवत जातो, कारण कमी देण्याची भीती वाटते. नैसर्गिक झडपेवरच्या सावकाश आजारात नेहमीचे स्ट्रेप्टोकोकाय, एंटेरोकोकाय, स्टॅफिलोकोकाय आणि हॅसेक गटातले, म्हणजे तोंडा-घशात राहणारे सावकाश वाढणारे, जंतू यांना झाकणारी योजना चार ते सहा आठवडे द्यायची, हे ठीक. पण एकट्या सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला एंटेरोकोकस जुमानत नाही, हे विसरले जाते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या वर्षात कृत्रिम झडपेला संसर्ग झाला, तर हिशेब निराळा आणि व्हँकोमायसिन, जेंटामायसिन, रिफाम्पिसिन हे त्रिकूट आठवावे लागते. आणि यातल्या कोणत्याही योजनेने कॉक्सिएला किंवा ब्रुसेला जात नाही. कॉक्सिएलाला डॉक्सिसायक्लिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही जोडी नैसर्गिक झडपेत किमान अठरा महिने आणि कृत्रिम झडपेत दोन वर्षे द्यावी लागते. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन तिथे मलेरियासाठी नसते, तर जंतू ज्या आम्लधर्मी पोकळीत लपतो तिची आम्लता घालवून डॉक्सिसायक्लिनला काम करू देण्यासाठी असते. ब्रुसेलाला डॉक्सिसायक्लिन, रिफाम्पिसिन आणि कोट्रायमॉक्सॅझोल तीन महिन्यांहून अधिक लागते, आणि बहुधा शस्त्रक्रियाही. सहा आठवड्यांचा नेहमीचा कोर्स अशा रुग्णाला फक्त थोडे दिवस बरे वाटू देतो. म्हणून पहिल्या आठवड्यातच कल्चर कोरे दिसले की ब्रुसेला, कॉक्सिएला, बार्टोनेला यांच्या तपासण्यांचे रक्त एकदमच काढून ठेवावे. तिसऱ्या आठवड्यात ‘आता काय’ म्हणून सुरुवात करू नये. जेंटामायसिनबद्दल मूत्रपिंडतज्ज्ञ जे सांगतात तेच मी सांगेन, पण बार्टोनेलात मूत्रपिंड आधीच दुखावलेले असते, म्हणून दोन आठवड्यांचे जेंटामायसिन लिहिताना क्रिएटिनिनचा आकडा रोज समोर हवा.

हृदयशल्यचिकित्सकांना माझी एकच विनंती आहे, आणि ती मी हात जोडून करते. झडप काढल्यावर ती सगळीच्या सगळी फॉर्मॅलिनच्या डबीत टाकू नका. ऑपरेशन थिएटरात ती डबी तयार असते, सिस्टर ती पुढे करतात, आणि एका क्षणात तो नमुना आमच्यासाठी संपतो. जंतू मरतो, डीएनए तुटतो, उरते ती हिस्टोपॅथॉलॉजीची काच. कल्चर कोरे असलेल्या रुग्णाच्या बाबतीत ती झडप हा जगातला सर्वांत मौल्यवान नमुना असतो, कारण जंतू रक्तात विरळ असला तरी तिथे दाटीने असतो. एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, दुसरा निर्जंतुक डबीत थोड्या सलाईनमध्ये, कोरडा पडू न देता, आणि तो लगेच आमच्याकडे. त्यातून आम्ही ग्रॅम स्टेन करू, कल्चर लावू आणि १६-एस पीसीआरसाठी उरलेला भाग गोठवून ठेवू. हा पीसीआर सर्वच जिवाणूंमध्ये असणाऱ्या एका जनुकाचा तुकडा वाचून नाव सांगतो, मग त्या जंतूला अँटिबायोटिकने मारलेले असले तरी. त्याची मर्यादाही तीच आहे: मेलेल्या जंतूचा डीएनए झडपेत बरेच दिवस राहतो, म्हणून पीसीआर पॉझिटिव्ह आला म्हणजे उपचार फसला असे समजू नये. बुरशीसाठी वेगळा पीसीआर लागतो. अ‍ॅस्परजिलस रक्ताच्या कल्चरमध्ये सहसा येत नाही, म्हणून झडपेवर मोठी, लोंबणारी गाठ आणि कोरे कल्चर दिसले की फॉर्मवर ‘फंगस?’ असे जरूर लिहा.

आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर महिन्यांनी किंवा वर्षांनी ताप, घसरलेल्या पेशी आणि कोरे कल्चर घेऊन येणारा रुग्ण असेल, तर मायकोबॅक्टेरियम किमेरा हा क्षयाच्या जंतूचा भाईबंद आठवा. हार्ट-लंग मशीनसोबतच्या पाणी थंड-गरम करणाऱ्या यंत्रांतून तो हवेत उडतो, हे गेल्या दशकात स्वित्झर्लंडच्या झुरिकमधून पुढे आले. त्याला मायकोबॅक्टेरियाचे खास कल्चर लागते आणि आठवडे लागतात.

आपल्यापैकी जे आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण खात्यांच्या समित्यांवर बसतात, त्यांच्यासाठी एवढेच. झडप बदलण्याची शस्त्रक्रिया महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आहे. त्या पॅकेजच्या अटींत एंडोकार्डायटिसच्या रुग्णासाठी औषधाआधीची तीन कल्चर आणि काढलेल्या झडपेचा फॉर्मॅलिनविना तुकडा हे शब्दांत लिहिलेले असावे. कॉक्सिएला आणि बार्टोनेलाची तपासणी आणि १६-एस पीसीआर यांसाठी राज्यात एक ठरलेली सरकारी संदर्भ प्रयोगशाळा असावी, म्हणजे रुग्णाच्या मुलाला नमुना आणि पैसे हातात घेऊन शहरे पालथी घालावी लागणार नाहीत. पुण्यात औंधला जनावरांच्या रोगनिदानाची मोठी प्रयोगशाळा अनेक वर्षे काम करते आहे; ज्या गावातून ब्रुसेलाचा माणूस येतो त्या गावातल्या गोठ्याची खबर तिकडे, आणि ज्या गोठ्यात ब्रुसेला सापडतो त्या घराची खबर प्राथमिक आरोग्य केंद्राकडे जाण्याची वाट सध्या ओळखीपाळखीवर चालते. ती एका छापील नमुन्यावर चालावी.

त्या कॅरीबॅगवाल्या मुलाची आई सहा आठवड्यांचे उपचार आणि झडपेची शस्त्रक्रिया होऊन घरी गेली. तिच्या झडपेचा तुकडा आम्हाला सलाईनमध्ये मिळाला होता, कारण त्या संध्याकाळी मी वर जाऊन थिएटरच्या सिस्टरांना डबी दाखवून आले होते. पीसीआरमध्ये स्ट्रेप्टोकोकस आला, साध्या पेनिसिलीनला सहसा दबणारा. पहिल्या चिठ्ठीच्या दिवशी दहा मिलीलिटर रक्त बाटलीत गेले असते, तर तो दोन दिवसांत वाढला असता.

आपली,
एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ